बाघ नदीच्या पलीकडचे कायदे

इंग्लंडातून फ्रान्समध्ये मोटार नेणाऱ्याला खाडी ओलांडताच डावी बाजू सोडून उजवी धरावी लागते. आम्हा गोंदियाकरांना बाघ नदी ओलांडून बालाघाटकडे जाताना एवढी कसरत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ हा साऱ्या देशाला एकच. गोंदियात काढलेले लायसन कान्ह्याच्या वाटेवरही चालते. ‘एमएच ३५’ ची गाडी परराज्यात बारा महिन्यांहून अधिक राहिली, तरच तेथील नोंदणीचा प्रश्न येतो.

मग फरक कुठे? पैशात. वाहनावरील कर राज्यघटनेने राज्यांकडे सोपविला आहे. तडजोडीने दंड किती घ्यायचा, हेही कलम २०० प्रमाणे राज्येच ठरवितात. म्हणून हेल्मेट विसरल्याची किंमत दोन्ही तीरांवर सारखी असेलच असे नाही. (डोके मात्र तेच!)

खरी मेख भाड्याच्या गाडीत आहे. सहलीसाठी आपण ओळखीच्या कुणाची तरी पांढऱ्या पाटीची जीप ‘डिझेल आणि वर थोडे’ अशा बोलीवर ठरवितो. स्वस्त पडते, हे मलाही मान्य. पण पांढरी पाटी खाजगी वापराची. भाडे घेतले की नियम मोडला, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी नेमके तेच कारण पुढे करू शकते. पिवळ्या पाटीचेही एका राज्याचे परमिट दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही. त्यावर तेथील प्रतिस्वाक्षरी हवी, नाहीतर विशेष किंवा अखिल भारतीय पर्यटक परमिट. यंदा कान्ह्याला जायचे ठरलेच, तर जीपवाल्याशी भाव करण्याआधी मी परमिट पाहायला मागणार आहे.