व्हिटवर्थ : बागेकडे उघडलेली आर्ट गॅलरी

१३ फेब्रुवारी २०१५ च्या रात्री मँचेस्टरच्या व्हिटवर्थ पार्कवर आतषबाजी झाली. ती पेटली एका शास्त्रज्ञाच्या श्वासाने. कवी-चित्रकार विल्यम ब्लेकच्या पेन्सिल-चित्रावरून ग्रॅफाइटचा अतिसूक्ष्म कण उचलला होता. त्यातून ग्राफीन तयार केले, ग्राफीनपासून ओलावा ओळखणारा सेन्सर केला, आणि कोस्त्या नोवोसेलोव यांनी त्यावर श्वास सोडताच आकाश उजळले. ग्राफीन पहिल्यांदा वेगळे केले गेले ते २००४ मध्ये, मँचेस्टर विद्यापीठातच. त्याबद्दल नोवोसेलोव आणि आंद्रे गाइम यांना २०१० चे नोबेल मिळाले. चित्र विद्यापीठाच्या व्हिटवर्थ गॅलरीतले, शास्त्रज्ञ विद्यापीठाचे, कल्पना कलावंत कॉर्नेलिया पार्कर यांची. आणि पाहायला शहर. विद्यापीठाकडे कलादालन कशासाठी असावे, याचे इतके नेमके उत्तर मला दुसरे ठाऊक नाही.

दालनाला नाव आहे सर जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकाराचे. आपल्याकडच्या जुन्या वर्कशॉपमध्ये ‘बीएसडब्ल्यू’ आट्यांचे टॅप आणि डाय अजून सापडतात. त्यातला डब्ल्यू म्हणजे हेच व्हिटवर्थ. १८४१ मध्ये त्यांनी स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण ठरवून दिले. १८८७ मध्ये ते वारले, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या संपत्तीतून १८८९ मध्ये बाग आणि कलासंस्था एकत्रच उभी राहिली. बाग पुढे महापालिकेकडे गेली, गॅलरी १९५८ मध्ये विद्यापीठाकडे.

संग्रह पन्नास हजारांहून अधिक वस्तूंचा आहे. ब्लेक आणि टर्नर यांची कामे, जेकब एप्स्टाइनचे ‘जेनेसिस’ हे गर्भवतीचे संगमरवरी शिल्प, आणि भिंतींवर चिकटवायच्या छापील कागदांचा, म्हणजे वॉलपेपरचा, मोठा साठा. पण मँचेस्टरची खरी ओळख कापडाच्या विभागात पटते. तिथे इजिप्तमधल्या शतकानुशतके जुन्या वस्त्रांपासून दक्षिण आशियातल्या कापडापर्यंत सगळे आहे. गिरण्यांच्या या शहराला नमुन्यासाठी, नकलेसाठी आणि अभ्यासासाठी जगभरचे कापड हवेच होते. आपल्या वऱ्हाडाशी आणि मुंबईशी त्याचा संबंध जुना आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिथला कापूस अडला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी इकडे नजर वळवली आणि मुंबईत पैशांचा पूर आला. हा इतिहास गोव्यात राहून काम करणारे कलावंत निखिल चोप्रा यांनी २०१३ मध्ये याच दालनात अंगावर घेतला. ‘कोल ऑन कॉटन’ हा त्यांचा प्रयोग सलग ६५ तास चालला. कोळसा आणि कापूस, म्हणजे ज्या दोन गोष्टींवर ते शहर श्रीमंत झाले, त्याच त्यांच्या हातात होत्या.

एवढे वैभव असूनही ही इमारत कित्येक वर्षे आसपासच्या लोकांची नव्हती. तिचे तोंड ऑक्सफर्ड रोडकडे होते आणि पाठ बागेकडे. त्या पाठीमागच्या बाजूला मॉस साइड, दक्षिणेला रशोम, जिथल्या भारतीय-पाकिस्तानी खाणावळींच्या रांगेला सगळे ‘करी माइल’ म्हणतात. बागेत रोज फिरायला येणाऱ्याला ती लाल विटांची भिंत विद्यापीठाची, म्हणजे परक्याची वाटणे स्वाभाविक होते. २००३ मध्ये चोरांनी व्हॅन गॉग, पिकासो आणि गोगँ यांची चित्रे पळवली आणि ती जवळच्या सार्वजनिक शौचालयात गुंडाळलेली सापडली, तेव्हा दालनाचे नाव जगभर झाले. शेजाऱ्यांशी नाते मात्र त्याने जुळले नाही.

ते जुळवण्यासाठी भिंत फोडावी लागली. ‘मुमा’ या वास्तुरचनाकारांनी दीड कोटी पौंडांच्या कामात मागच्या अंगाला बागेत शिरणारे दोन हात काढले, त्यातल्या एकात झाडांमध्ये घुसलेले काचेचे उपाहारगृह केले, आणि बागेकडून आत यायला वाट दिली. प्रवेश विनामूल्य. २०१५ मध्ये, म्हणजे त्या आतषबाजीच्याच वर्षी, गॅलरीला ब्रिटनच्या ‘म्युझियम ऑफ द इयर’चा मान मिळाला. मला मात्र त्या इमारतीइतकेच तिथे निर्माण केलेल्या एका पदाचे मोल वाटते: ‘कल्चरल पार्क कीपर’. बाग आणि दालन यांच्यात माणसांची ये-जा घडवून आणायची, हेच त्या व्यक्तीचे काम. वास्तुरचनाकार दार देतो. त्या दारातून येणाऱ्याला हाक मारायला माणूस पगारावर ठेवावा लागतो, हे व्हिटवर्थला कळले होते.

हाक कोणाकोणाला मारायची याचाही तिथे कसून विचार झाला. म्हातारे पुरुष दालनातल्या कार्यक्रमांना फिरकत नाहीत, हे लक्षात आल्यावर गॅलरीने त्यांच्याशीच बोलून २०१५ मध्ये एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. निवृत्तीनंतर घरात किंवा वृद्धाश्रमात एकटे पडलेले पुरुष कशाने बाहेर पडतात, कशाने बिचकतात, याचा तो अभ्यास. आपल्याकडे सकाळी बागेतल्या बाकांवर बसणाऱ्या आजोबांचा असा विचार एखाद्या विद्यापीठाने करावा, असे मला मनापासून वाटते.

विद्यापीठाच्या छत्राखाली असण्याला दुसरीही बाजू आहे. २०२१ मध्ये ‘फोरेन्सिक आर्किटेक्चर’ या संशोधक गटाचे प्रदर्शन इथे लागले. अश्रुधूर, बॉम्बचा धूर, प्रदूषण अशा ढगांचा माग काढणाऱ्या त्या प्रदर्शनासोबत पॅलेस्टाइनला पाठिंबा देणारे निवेदन होते. तक्रारी आल्या, निवेदन काढले गेले, कलावंतांनी प्रदर्शनच बंद करायला सांगितले, आणि काही दिवसांत निवेदन परत लागले. ज्या विद्यापीठात मतभेद मांडायला शिकवायचे, त्याच्याच गॅलरीत तो भिंतीवरून उतरवला जावा, हे मला गैर वाटते. तो परत लागला, हे त्याहून महत्त्वाचे वाटते.

मँचेस्टरला शिकायला जाणाऱ्या मराठी मुलामुलींनी पहिल्याच महिन्यात तिथे जावे. ऑक्सफर्ड रोडवरून दक्षिणेकडे, इस्पितळांच्या समोर. ब्लेक पाहावा, ‘जेनेसिस’ पाहावे, आणि मग संग्रहातल्या दक्षिण आशियाई कापडांची चौकशी करावी. त्यातले सगळेच एका वेळी मांडलेले नसते. पाहायला वेळ मागून घ्यावी लागते.