गुडघ्याची सुई : कोणती, कुठे आणि किती वेळा



या पानावर मी एरवी बेणे, खत आणि हुमणी यांबद्दल लिहितो. या वेळी दुखण्यावरच्या सुईबद्दल लिहितो आहे. निमित्त गेल्या हंगामातले.

निफाडकडील एका गटात तोड बघायला गेलो होतो. एका कोयत्यातली बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना मध्येच थांबली, मोळी खाली टाकली आणि गुडघा धरून बसली. ३०-४० किलोंची मोळी, आणि दिवसभरात अशा किती खेपा! मुकादम म्हणाला, "साहेब, गाडीवरून गावात नेऊन आणतो. सुई मारली की दुपारपर्यंत उभी राहते. दर आठ दिवसाला मारतोच आहे." त्या दिवशीचे टनेज माझ्याही डोळ्यांपुढे होते. मी गाडी दिली. दुपारी बाई खरोखरच मोळ्या वाहत होती, आणि मला बरे वाटले. ते बरे वाटणे चुकीचे होते, हे पुढे माझाच खांदा आखडला आणि डॉक्टरांकडे खेटे घालावे लागले तेव्हा कळले.

आपण सगळ्यालाच 'सुई' म्हणतो. पण खत फोकून देणे आणि ठिबकमधून मुळाशी सोडणे यात जेवढा फरक, तेवढाच इथे आहे. कमरेवर मारतात ती सुई म्हणजे बहुधा डायक्लोफेनॅक. ती रक्तात मिसळून अंगभर फिरते. गोळीचेच काम ती लवकर करते, एवढेच. दुखणे काही तास दबते, गुडघा होता तसाच राहतो. अशी सुई वरचेवर घेतली तर पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडाला मार बसतो. उन्हात घाम गाळून अंगातले पाणी कमी झालेले असताना हा धोका आणखी वाढतो. तोडणी कामगार नेमका त्याच अवस्थेत सुई घेतो. याच औषधाची सुई दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, तेव्हा २०१५ मध्ये बाटली ३ मिलिलिटरपुरती केली. आपल्या अंजनेरीच्या कड्यावर जी थोडी गिधाडे उरली आहेत, ती पाहताना मला हे आठवते.

काही ठिकाणी या सुईबरोबर स्टेरॉइडही टोचतात. त्याने तर माणूस टवटवीत दिसतो! पण वारंवार घेतल्यास साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात आणि शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी करते.

दुसरी सुई जिथे दुखते तिथेच देतात. सांध्यात, स्नायूबंधाच्या आवरणात किंवा नसेजवळ. तिच्यात बहुतेक वेळा दोन औषधे असतात. एक बधिर करणारे. त्याने लगेच आराम पडतो आणि काही तासांत ओसरतो. दुसरे स्टेरॉइड, ते सूज उतरवते, पण त्याचा गुण यायला काही दिवस लागतात. मधल्या काळात दुखणे परत आले की माणूस म्हणतो, सुई फुकट गेली. तसे नसते. स्टेरॉइडच्या शोधासाठी केंडल, राइशस्टाइन आणि हेंच यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी ते थेट सांध्यात दिल्याचे अनुभव प्रसिद्ध झाले. म्हणजे हा उपचार काही कालचा नाही.

आता कुठे गुण येतो ते सांगतो. आपल्यापैकी अनेकांकडे उसाबरोबर द्राक्षबाग आहे. छाटणीची कात्री चालवून बोट वाकते आणि सरळ करताना खट्कन अडकते. तिथे ही सुई चांगली लागू पडते, पुष्कळांना शस्त्रक्रिया लागत नाही. मनगटात नस दाबली जाऊन रात्री बोटांना मुंग्या येत असतील, तरीही काही महिने आराम मिळतो. आखडलेल्या खांद्याला सुरुवातीच्या दिवसांत दिली तर दुखणे कमी होते आणि व्यायाम करता येतो. व्यायाम मात्र करावाच लागतो.

कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे निराळे. क्वीन्सलँड या उसाच्याच प्रांतातल्या अभ्यासकांनी २००६ साली दाखवले की, सुई घेतलेले सहा आठवड्यांत सर्वांत बरे असतात. पण वर्षभराने व्यायाम केलेले आणि नुसते थांबलेलेही त्यांच्या पुढे जातात. टाचेमागच्या जाड शिरेत तर स्टेरॉइड टोचतच नाहीत, ती तुटण्याची भीती असते.

झिजलेल्या गुडघ्यात सुईने काही आठवडे बरे जातात. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर तीन महिन्यांनी दोन वर्षे स्टेरॉइड दिले, तर नुसते मिठाचे पाणी टोचलेल्यांपेक्षा यांची कूर्चाच जास्त झिजली, आणि दुखण्यात फरक नव्हता. म्हणून एकाच सांध्यात तीन महिन्यांच्या आत दुसरी सुई नको, आणि वर्षाला ठरवून घेण्याची तर मुळीच नको. सांधा बदलायचे ठरले असेल तर आधीचे तीन महिने सुई टाळतात, जंतुसंसर्गाचा धोका असतो.

'वंगणाची सुई' म्हणून जी मिळते, त्यात हायल्युरॉनिक आम्ल असते. आपल्या सांध्यातल्या चिकट पाण्यात ते मुळातच असते. माळकरी सभासदांनी विचारले होते म्हणून सांगतो, काही कंपन्या ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात, काही जिवाणूंकडून बनवतात. डॉक्टरांना विचारून घ्यावे. बैलगाडीच्या आसाला वंगण घातल्यासारखा गुण मात्र सगळ्यांना येत नाही. स्वतःचेच रक्त फिरवून त्यातल्या बिंबिका टोचण्याचा प्रकारही शहरात चालतो. खर्च बराच आणि ऑस्ट्रेलियातील २०२१ च्या अभ्यासात झिजलेल्या गुडघ्याला त्याचा मिठाच्या पाण्यापेक्षा जास्त उपयोग दिसला नाही. ऊस विकून आलेला पैसा त्यात घालण्यापूर्वी दोन जणांना विचारा.

पाठीच्या गाठीत दिलेल्या सुईने स्नायू सैल होतो. सायटिकात मणक्याजवळ, क्ष-किरणाच्या पडद्यावर बघत सुई देतात. कळ काही आठवडे कमी होते, सरकलेली चकती जागेवर येत नाही. पाऊल लुळे पडले, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर सुईची वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. आणि ती लाल सुई! ती बी-१२ जीवनसत्त्वाची. ज्याच्या अंगात ते कमी आहे, त्याच्या पायाच्या मुंग्यांना ती उपयोगी पडते. मधुमेहावर मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी माणसाने ते तपासून घ्यावे. गुडघ्याच्या झिजेला तिचा उपयोग नाही.

मला मधुमेह आहे. खांद्यात सुई घेतली त्या दवाखान्यात मला कुणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. दोन दिवसांनी तहान लागू लागली म्हणून साखर तपासली, तर ३०० च्या वर! सुईनंतर आठवडाभर असे होऊ शकते. आधी सांगितले असते तर रोज तपासून औषध सांभाळता आले असते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, ताप असेल किंवा टोचायच्या जागी फोड असेल तर तेही सांगावे. एकदोन दिवस जास्त ठणकते, तेवढे चालते. पण सांधा लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, तर सांध्यात पू होत असण्याची शक्यता असते; रात्र काढू नये.

सुईनंतर सांध्याला दोन दिवस तरी विसावा द्यावा. दुखत नाही म्हणून मोळी उचलणे म्हणजे वाफसा नसताना ट्रॅक्टर घालण्यासारखे आहे.

येत्या हंगामासाठी मुकादमांशी माझे बोलणे झाले आहे. ज्याचा गुडघा सुजला आहे त्याला फळीवर चढवायचे नाही. वाढे काढणे, मोळी बांधणे एवढेच काम द्यायचे. मुकादमांची कुरकुर आहेच, पण कबूल झाले आहेत. आपल्या फडात असे कुणी दिसले तर चिटबॉयकडे निरोप द्या. रुग्णालयात न्यायला माझी गाडी आहे. आठवड्याच्या सुईसाठी आता मिळणार नाही.

पुढील अंकात खोडव्यातील पाचट कुजविण्याबद्दल.

– ऊस विकास अधिकारी