ट्रकचे धुराडे

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यात बीबी नावाचे गाव आहे. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणारा रस्ता या गावावरून जातो. एका अंगाला उल्कापाताने झालेले लोणारचे प्रसिद्ध सरोवर, तर दुसऱ्या अंगाला जिजाऊंचे जन्मस्थान. नागपूरहून मुंबईकडे जाणारा समृद्धी महामार्ग २०२५ साली पूर्ण झाला आणि लांब पल्ल्याची पुष्कळशी वाहने त्या वाटेने धावू लागली. परंतु कापूस, सोयाबीन, खते आणि विटा वाहणारे लहानमोठे ट्रक अजूनही गावोगावच्या जुन्या रस्त्यांवरच आपले पोट भरतात. त्यांतील कित्येक ट्रक वीस-पंचवीस वर्षांचे असतात. चढावर ते दमतात, धूर ओकतात आणि डिझेलही अधिक खातात.

अशा ट्रकच्या मालकाला रस्त्याकाठच्या गॅरेजात एक सल्ला हमखास मिळतो. "मागची नळी बारीक आहे, ती काढून मोठी बसवा. गाडी मोकळा श्वास घेईल, जोर वाढेल आणि तेलही वाचेल." सल्ला पटण्याजोगा वाटतो. पण नळीला आणि मजुरीला जो पैसा पडतो, तो ट्रकमालकाच्या अनेक दिवसांच्या कमाईचा असतो. तो खर्चण्यापूर्वी धुराडे काय काम करते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

डिझेल इंजिनाच्या पोटात लोखंडी नळकांडी असतात. प्रत्येक नळकांड्यात एक दट्ट्या खाली-वर होत असतो. दट्ट्या पहिल्या खेपेस खाली येताना बाहेरची हवा आत ओढतो. दुसऱ्या खेपेस वर जाताना तो ती हवा दाबतो. दाबामुळे हवा इतकी तापते की, तीत डिझेलचा फवारा पडताच ते ठिणगीवाचून पेट घेते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने ही युक्ती शोधली आणि १८९७ साली तिच्यावर चालणारे इंजिन यशस्वी करून दाखविले. जळणाऱ्या वायूंच्या रेट्याने दट्ट्या तिसऱ्या खेपेस जोराने खाली जातो. चाके फिरतात ती या एका खेपेच्या बळावर. चौथ्या खेपेस तो पुन्हा वर येतो आणि जळून उरलेले वायू एका झडपेतून बाहेर लोटतो. हे वायू नळीतून आणि सायलेन्सरमधून जाऊन शेवटी उघड्यावर पडतात.

मोठ्या नळीचा प्रश्न या चौथ्या खेपेचा आहे. वायू बाहेर लोटण्यासाठी दट्ट्याला बळ लावावे लागते, आणि ते बळ तिसऱ्या खेपेत मिळविलेल्या कमाईतूनच खर्च होते. वाट अरुंद असेल, तर वायू आत तुंबतात व दट्ट्यावर उलटा दाब देतात. याला प्रतिदाब म्हणतात. तो जितका अधिक, तितकी इंजिनाची शक्ती वाया जाते. शिवाय थोडा जळका वायू आतच राहिला, तर तेवढी ताजी हवा कमी शिरते. येथवर गॅरेजातील सल्ला खरा आहे.

पण अडथळा किती आहे, हे पाहिल्यावाचून निर्णय करता येत नाही. गव्हाच्या बारीक काडीतून जोराने फुंकले, तर गाल फुगतात आणि दम लागतो. काडीऐवजी पपईच्या पानाचा पोकळ देठ घेतला, तर फुंकर सहज जाते. आता देठ टाकून चुलीजवळची रुंद फुंकणी घेतली, तर आणखी काय सोपे होणार? देठाच्या वेळीच अडथळा जवळजवळ संपलेला असतो. प्रश्न असा की, ट्रकची मूळची नळी काडीसारखी आहे की देठासारखी?

हे आकड्यांनी पाहता येते. समजा, एका जुन्या ट्रकच्या सर्व नळकांड्यांत मिळून ६ लिटर हवा मावते आणि इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत आहे. दोन फेऱ्यांत प्रत्येक नळकांडे एकदाच हवा घेते. म्हणजे मिनिटाला ६००० लिटर, अर्थात सेकंदाला १०० लिटर हवा आत जाते. जळल्यावर ती अतिशय तापलेली असते, म्हणून बाहेर पडताना सुमारे अडीच पट फुगते. सेकंदाला २५० लिटर वायू नळीतून जावा लागतो. नळीची रुंदी ७५ मिलिमीटर असेल, तर त्याचा वेग ताशी सुमारे २०० किलोमीटर होतो. तीच नळी १०० मिलिमीटरची केली, तर वेग ताशी सुमारे ११५ किलोमीटरवर येतो. वेग एवढा उतरला म्हणजे सरळ नळीतील अडथळा एकचतुर्थांशाच्या आसपास उरतो.

आकडा मोठा दिसतो. फसगत येथेच होते. एकचतुर्थांश उरला खरा, पण कशाचा? चांगल्या स्थितीतल्या अशा ट्रकचा सगळा प्रतिदाब हवेच्या दाबाच्या विसाव्या हिश्शाएवढा धरला, तर त्याच्याविरुद्ध सेकंदाला १०० लिटर जागेतून वायू लोटण्यास सुमारे ५०० वॅट, म्हणजे पाऊण अश्वशक्तीहूनही कमी शक्ती लागते. इंजिन तर शंभर अश्वशक्तीच्या घरातले! त्यातही प्रतिदाबाचा मोठा भाग सायलेन्सरमुळे आणि वळणांमुळे निर्माण होतो, सरळ नळीमुळे नव्हे. नळीचा वाटा निम्मा मानला तरी नळी बदलून वाचणारी शक्ती पाव अश्वशक्तीच्या आसपास भरते. राजूर घाटात मलकापूरहून बुलढाण्याकडे भरलेला ट्रक चढत असता एवढ्याशा लाभाने त्याचा गिअर बदलणार नाही.

मग नळी बदललेल्या ट्रकचा चालक "गाडी हलकी झाली" असे मनापासून का सांगतो? तो खोटे बोलत नसतो. मोठ्या नळीबरोबर बहुधा सायलेन्सरही साधा किंवा पोकळ बसविला जातो आणि आवाज भारी होतो. मोठा आवाज म्हणजे मोठे बळ, असे माणसाचे कान मनाला सांगतात. ढोल दणाणला की मिरवणुकीतल्या पायांना चेव येतो, तसाच हा प्रकार. ट्रकच्या चाकांना मात्र ढोल ऐकू येत नाही.

सायलेन्सर ही काही शोभेची वस्तू नव्हे. झडप उघडताच दाबलेला वायू एकदम सुटतो आणि त्याचा स्फोटासारखा आवाज होतो. सायलेन्सरमधील कप्पे आणि भोके असलेल्या पट्ट्या त्या लाटांना आपसांत आपटवून विरवितात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे प्रत्येक मोटार वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर बसविलेला असलाच पाहिजे. रस्त्याला लागून ज्यांची घरे आणि शाळा आहेत, त्यांना या नियमाचे महत्त्व रात्रीअपरात्री जाणाऱ्या एखाद्या पोकळ नळीच्या गाडीने चांगलेच कळते.

मोठी नळी कधीच उपयोगी पडत नाही, असेही म्हणणे बरोबर होणार नाही. काही इंजिनांना टर्बोचार्जर नावाचा पंखा जोडलेला असतो. बाहेर जाणाऱ्या वायूच्या झोताने एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र ताजी हवा दाबून इंजिनात भरते. वाया जाणाऱ्या झोताकडून काम करून घेण्याची ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट त्याने १९०५ साली मिळविले. पाणचक्कीला जसे वर पाणी साठलेले आणि खाली वाट मोकळी लागते, तसेच या चक्राचे असते. त्याच्या पुढची वाट मोकळी असली, तर ते जोमाने फिरते. म्हणून टर्बोच्या पलीकडे थोडी रुंद नळी बसविल्यास खरोखर काही लाभ होतो. इंजिन आणि टर्बो यांच्यामधील नळी मात्र रुंद करू नये. तेथे झोत ढिला पडला, तर चक्रच मंदावते.

पण जुन्या ट्रकांपैकी पुष्कळांना टर्बो नसे. भारतात टेल्को कंपनीने डायम्लर-बेंझ या जर्मन कंपनीच्या सहकार्याने १९५४ साली जमशेदपूरला ट्रक बनविण्यास प्रारंभ केला. हे सहकार्य १९६९ पर्यंत चालले. त्या काळचे आणि पुढेही कितीतरी वर्षांचे ट्रक साध्या ओढीनेच हवा घेणारे होते. त्यांच्या नळीचे माप अभियंत्यांनी इंजिनाकडे पाहून ठरविलेले होते. बाजारात मिळाली ती नळी त्यांनी जोडली, असे नव्हे. पपईचा देठ त्यांनी आधीच निवडला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

गॅरेजांतून याच्या उलटही एक समज ऐकू येतो, तो असा की, इंजिनाला थोडा प्रतिदाब हवाच असतो. तोही खरा नाही. प्रतिदाब कोणत्याही इंजिनाला हितकर नसतो. पेट्रोलच्या काही इंजिनांत वायूचा वेगवान लोंढा पुढे जाताना आपल्यामागे किंचित ओढ निर्माण करतो, आणि त्या ओढीने नळकांडे अधिक स्वच्छ होते. नळी फार रुंद केली की लोंढा मंद होतो, ओढ कमी पडते आणि हळू वेगात इंजिन दुबळे भासते. ते दुबळेपण प्रतिदाब गेल्यामुळे येत नाही, वेग गेल्यामुळे येते. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. ही चूक मोटारींच्या बाबतीतच होते असेही नाही.

बीबीच्या त्या जुन्या ट्रकाचा दम मग कशाने कोंडतो? काळा धूर हे त्याचे एक लक्षण आहे. काळा धूर म्हणजे पुरते न जळलेले इंधन. जळण्यास हवा अपुरी पडते, किंवा डिझेलचा फवारा बारीक न उडता धारेसारखा पडतो. काळ्या मातीच्या प्रदेशात उन्हाळ्यात रस्त्यांवर उडणारी धूळ हवेच्या गाळणीत जाऊन बसते, आणि इंजिनाचा श्वास मागून नव्हे तर पुढून कोंडतो. गाळणी स्वच्छ करणे किंवा बदलणे, फवाऱ्याच्या तोट्या तपासून घेणे, झडपांमधील अंतर जुळविणे, चाकांत पुरेशी हवा ठेवणे आणि ब्रेक घासत नाहीत ना हे पाहणे, या कामांना नळीपेक्षा पुष्कळदा कमी पैसा लागतो.

धुराड्याचाही दोष असू शकतो, पण तो मापाचा नव्हे, म्हाताऱ्या अवस्थेचा. दगड लागून नळी चेपलेली असते. सायलेन्सरच्या आतील पट्ट्या गंजून तुटतात आणि वाटेत आडव्या पडतात. वर्षानुवर्षांची काजळी थरावर थर धरते. सांधा फुटला असेल, तर विषारी वायू चालकाच्या खोलीत शिरण्याचाही धोका असतो. अशा वेळी नळी आणि सायलेन्सर बदललेच पाहिजेत. त्यासाठी मूळच्या मापाचे सामान पुरते.

दोष आहे की नाही, हे ओळखण्याची एक साधी रीत आहे. जाणता मिस्त्री इंजिनाजवळच्या नळीला छोटे भोक पाडतो आणि तेथे तांब्याची बारीक नळी जोडतो. वायू तिच्यातून येताना निवतो. तिचे दुसरे टोक रबरी नळीने इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकविलेल्या, पाणी भरलेल्या काचनळीला लावतात. मग ट्रकवर पूर्ण माल चढवून इंजिनाला चढावर पूर्ण जोर द्यावयाचा आणि काचनळीच्या दोन्ही बाजूंच्या पाण्यात किती अंतर पडते, ते पाहावयाचे. हवेच्या दाबाचा विसावा हिस्सा म्हणजे सुमारे अर्धा मीटर पाणी. अर्ध्या मीटरच्या आसपास फरक दिसला, तर धुराड्याला दोष देण्याचे कारण नाही. फरक मीटरभराच्या वर गेला, तर वाटेत कोठेतरी अडथळा आहे असे समजावे. नेमकी मर्यादा इंजिनागणिक वेगळी असते आणि ती कारखान्याच्या पुस्तिकेत दिलेली असते. काम झाल्यावर भोक घट्ट बुजवावे लागते.

काचनळीचीही सोय नसेल, तर तेलाच्या टाकीवर परीक्षा घेता येते. टाकी काठोकाठ भरून, तोच रस्ता, तेवढाच माल आणि तोच चालक ठेवून चार फेऱ्या जुन्या नळीने कराव्या. नंतर चार फेऱ्या नव्या नळीने. प्रत्येक फेरीनंतर टाकी पुन्हा काठोकाठ भरावी आणि किती लिटर डिझेल लागले, ते वहीत लिहावे. एका फेरीवरून काही ठरवू नये, कारण वाऱ्याची दिशा आणि बाजाराची गर्दी यांनीही लिटर-दोन लिटरांचा फरक सहज पडतो. नवी नळी विकत घेण्याआधी दुसऱ्या ट्रकची उसनी मिळाली तर उत्तम.