त्वचास्वास्थ्य व दैनंदिन सवयी

आंघोळ, पोशाख, प्रसाधन, घरकाम, उन्हातील वावर आणि औषधांचा वापर यांसंबंधीच्या नित्याच्या सवयींचा त्वचेच्या रचनेवर व कार्यावर दूरगामी परिणाम होतो. अनेक त्वचाविकारांचे मूळ एखाद्या तीव्र आघातात नसून, एरवी निरुपद्रवी वाटणाऱ्या सौम्य आघाताच्या वर्षानुवर्षे होणाऱ्या पुनरावृत्तीत असते. परिणाम उशिरा दिसत असल्यामुळे त्याचे कारण रुग्णाच्या सहसा ध्यानात येत नाही.

प्रौढ व्यक्तीच्या त्वचेचे क्षेत्रफळ सु. १.५ ते २ चौ. मी. असते. तिच्या सर्वांत बाहेरच्या शृंगस्तरात मृत व चपट्या कोशिकांचे (पेशींचे) सु. १५ ते २० थर असून त्यांमधील जागा स्निग्ध पदार्थांनी भरलेली असते. विटा व चुना यांनी बांधलेल्या भिंतीसारखी ही रचना शरीरातील पाणी टिकवून धरते आणि बाहेरील रसायने व सूक्ष्मजंतू यांना अटकाव करते. त्वचेचा पृष्ठभाग किंचित अम्लीय (पीएच मूल्य सु. ४.५ ते ५.५) असतो व ही अम्लताही संरक्षक ठरते. बाह्यत्वचेच्या तळाशी निर्माण झालेली कोशिका पृष्ठभागी येऊन गळून पडण्यास सु. चार ते सहा आठवडे लागतात. या सततच्या नवनिर्मितीमुळे किरकोळ हानी आपोआप भरून निघते. मात्र हानीचा वेग दुरुस्तीच्या वेगाहून अधिक झाला म्हणजे विकार उद्भवतो.

स्नान व साबण : नेहमीचा साबण अल्कधर्मी (पीएच मूल्य सु. ९ ते १०) असतो. तो मळाबरोबर त्वचेतील स्निग्ध पदार्थही काढून टाकतो व कढत पाण्याने हा परिणाम वाढतो. त्यामुळे हिवाळ्यात, तसेच वृद्धांमध्ये, त्वचा कोरडी पडून खाज सुटते. अशा वेळी कोमट पाणी वापरावे, साबण काखा, जांघा व पाय यांपुरता ठेवावा आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा मलम लावावे. नायलॉनच्या जाळीने अथवा वज्रीने रोज अंग घासल्यास गळ्याजवळचे हाड, पाठीचा कणा इ. उंचवट्यांवर काळपट पट्टे उमटतात. हा मळ आहे असे समजून ते आणखी जोराने घासले जातात व अधिक गडद होतात. घासणे थांबविल्यास ते काही महिन्यांत फिके पडू लागतात.

घर्षण व उष्णता : परकराची नाडी अनेक वर्षे कमरेच्या एकाच रेषेत घट्ट बांधल्याने तेथील त्वचा प्रथम काळवंडते, खरखरीत होते, तिचे पापुद्रे निघतात व काही वेळा रंग नाहीसा होतो. क्वचित तेथे न भरणारा व्रण होऊन त्याचे कर्करोगात रूपांतर होते. धोतराच्या वापराशी निगडित असलेल्या अशाच कर्करोगाचे वर्णन मुंबईतील विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. काश्मीरमध्ये थंडीच्या दिवसांत फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी बाळगण्याची प्रथा आहे. तिच्या उष्णतेने पोट व मांड्या यांवर प्रथम जाळीदार तांबूस-तपकिरी डाग पडतात व पुढे काहींना तेथे कर्करोग होतो. एल्म्सली यांनी १८६६ मध्ये याची नोंद केली होती. दोन्ही उदाहरणांत आरंभीची खूण दीर्घकाळ दिसत असते. नाडीऐवजी रुंद पट्टा वापरणे, तो सैल ठेवणे व बांधण्याची जागा बदलत राहणे एवढ्याने पहिला धोका बहुतांशी टळतो.

रसायनांचा संपर्क : काही चिकट टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिल फिनॉल हे रसायन असते. ते रंजकद्रव्य तयार करणाऱ्या कोशिकांना मारक असल्यामुळे कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडू शकतो. असेच डाग रबरी चपलांच्या पट्ट्यांखालीही आढळतात. कृत्रिम दागिन्यांतील निकेल व केसांच्या कलपातील पॅरा-फिनिलीन डायअमाइन यांमुळे ॲलर्जीजन्य इसब होते. उजव्या हाताने सुरी धरणाऱ्या व्यक्तीस डाव्या हाताचा अंगठा व लगतची दोन बोटे यांच्या टोकांशीच भेगा पडत असतील, तर लसूण सोलण्या-चिरण्याची सवय हे त्यामागील कारण असू शकते. विकाराची जागा व आकार यांवरून सवय ओळखता येते ती अशी.

ऊन : सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांमुळे अंतस्त्वचेतील लवचिक तंतूंची हानी होऊन अकाली सुरकुत्या व डाग पडतात. सावळ्या त्वचेतील मेलॅनीन या रंजकद्रव्यामुळे कर्करोगाचा धोका बराच कमी होतो, परंतु ते पूर्ण संरक्षण देत नाही. भर दुपारी डोके व अंग झाकून घेणे हा साधा उपाय होय. धूम्रपानानेही त्वचेचा रक्तपुरवठा घटून सुरकुत्या लवकर पडतात.

घाम, ओलावा व औषधांचा दुरुपयोग : घट्ट कृत्रिम धाग्यांचे कपडे, दुसऱ्याचा टॉवेल वापरणे व ओले कपडे अंगावर वाळविणे यांमुळे गजकर्णाच्या कवकास पोषक स्थिती लाभते. भातखाचरात सतत पाय ओले राहिल्याने बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मधुमेही व्यक्तीत तेथूनच गंभीर जंतुसंसर्ग पसरू शकतो. सल्ल्याविना स्टेरॉइडयुक्त मलम लावण्याची सवय विशेष घातक आहे. त्याने खाज तत्काळ थांबते व रोग बरा झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात त्वचेची प्रतिकारक्षमता दबल्यामुळे कवक पसरतच राहते. चेहरा गोरा करण्यासाठी अशी मलमे वापरल्यास त्वचा पातळ होते, मुरमे व लव वाढते आणि मलम थांबविताच आग होऊन चेहरा लाल होतो. भारतात एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाद न देणाऱ्या गजकर्णाचे प्रमाण वाढले, त्यामागे हा दुरुपयोग एक महत्त्वाचे कारण मानले जाते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा अनेक मलमांच्या विक्रीसाठी वैद्याची चिठ्ठी आवश्यक ठरविली.

त्वचाविकारात औषधयोजनेपूर्वी रुग्णाच्या दिनचर्येची बारकाईने चौकशी करणे यामुळेच आवश्यक असते. कारणीभूत सवय कायम राहिल्यास औषधाने मिळणारा आराम तात्पुरता ठरतो. ती वेळीच सोडल्यास त्वचा स्वतःच्या नवनिर्मितिक्षमतेने पुष्कळदा पूर्ववत होते. मात्र एकाच जागी अनेक आठवडे न भरणारी जखम, वाढणारी गाठ किंवा बधिर चट्टा आढळल्यास घरगुती उपायांत वेळ न घालविता तज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.