दुष्काळ आणि कायदा

लोकशाहीत एखाद्या प्रश्नाची सरकारदरबारी दखल घेतली जाते, ती केवळ तो गंभीर असतो म्हणून नव्हे. ग्रामीण बेरोजगारी महाराष्ट्राला नवी नव्हती, पण 1972 च्या दुष्काळाने ती रस्त्यावर आणली. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. बायका उन्हात खडी फोडत, मुकादम मस्टरवर हजेरी मांडी. कामावर एवढी माणसे एकत्र आली की ती संघटितही होतात. कामगार संघटना आणि विरोधी पक्षांनी मोर्चे काढले, वेळेवर पगार आणि पुरेशी कामे मागितली. मतदारांच्या या गर्दीकडे आमदारांना पाठ फिरवता येईना.

तरीही गर्दी मागणी करते, योजना आखून देत नाही. इथे ती आधीच तयार होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना मांडून तासगाव भागात तिचा प्रयोगही केला होता. माझ्या मते खरे श्रेय या पूर्वतयारीचे आहे. एरवी पाऊस पडताच सगळे विसरले गेले असते. पैशासाठी शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसला. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत झाला, 1979 पासून तो अमलात आला. आता काम ही मेहेरबानी उरली नाही. मजूर ते हक्काने मागू शकत होता. 2005 मध्ये संसदेने देशासाठी असाच कायदा केला.