एसेनची खाण आणि खाणीतली माणसे

जर्मनीची प्रवासवर्णने आपल्याकडे पुष्कळ छापून येतात. त्यांत ऱ्हाईन नदीतली बोट असते, डोंगरावरचे किल्ले असतात, स्वच्छ रस्त्यांचे कौतुक असते. ज्या कष्टकऱ्यांच्या बळावर हा देश उभा राहिला, ते मात्र त्या वर्णनांत कोठेच दिसत नाहीत. म्हणून आज एका वेगळ्या शहराची ओळख करून द्यायची आहे. ज्या बॉन शहरातील विद्यापीठात १९२१ साली बाबासाहेबांनी नाव नोंदवले होते, तेथून उत्तरेला रेल्वेने दीड तासाच्या आसपास गेले की रूर खोऱ्यातील एसेन लागते. वस्ती पावणेसहा लाखांच्या वर. दीडशे वर्षे या शहराने कोळसा काढला आणि पोलाद ओतले. आज शहरात एकही खाण चालू नाही, आणि पर्यटक तेथे जातात ते बंद पडलेली खाण पाहायला!

या खाणीचे नाव त्सोलफेराइन. १८४७ साली फ्रान्झ हानिएल या उद्योगपतीने ती सुरू केली आणि जर्मन राज्यांच्या जकात संघावरून तिला हे नाव दिले. आज जगभर छायाचित्रांत दिसतो तो लोखंडी मनोरा तिच्या बाराव्या शाफ्टवरचा. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर या दोन वास्तुविशारदांनी त्याची रचना केली व १९३२ साली तो सुरू झाला. दिवसाला १२ हजार टन कोळसा वर काढण्याची त्याची ताकद होती. लाल विटा, सरळ रेषा, समोर राजवाड्याला शोभेल असे प्रशस्त अंगण. जगातली सर्वांत सुंदर कोळसा खाण म्हणून तिचा आजही गौरव होतो.

पण येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. या देखण्या शाफ्टमधून वर यायचा तो कोळसा. माणसांची ये-जा जुन्या शाफ्टांतून व्हायची. म्हणजे दर्शनी अंगण मालासाठी आणि पाहुण्यांसाठी, आणि ज्याने तो माल खणला त्याची वाट निराळी. आपल्या वाचकांना ही रचना समजावून सांगण्याची गरज नाही.

२३ डिसेंबर १९८६ रोजी ही खाण बंद झाली. शेजारच्या कोक भट्ट्या १९९३ साली विझल्या. भंगारात विकून जमीन मोकळी करा, असे म्हणणारे तेव्हा कमी नव्हते. परंतु राज्य सरकारने जागा ताब्यात घेतली, इमारती राखल्या आणि २००१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवले. कोल वॉशरीच्या इमारतीत २०१० पासून रूर संग्रहालय आहे. बाहेरून नारिंगी प्रकाशाचा लांबलचक सरकता जिना थेट वर नेतो. मग कोळसा जसा वरून खाली यायचा, तसा पाहणाराही एकेक मजला खाली उतरत इतिहासात शिरतो. बॉयलर हाऊसमध्ये नव्या वस्तूंच्या आकार-रचनेचे रेड डॉट संग्रहालय आहे. कामगार अंगावरची काजळी धूत तेथे आता नृत्याचे प्रयोग होतात. कोक भट्ट्यांजवळ मालवाहू कंटेनर जोडून २००१ साली पोहण्याचा तलाव केला गेला, उन्हाळ्यात त्यात वस्तीतली पोरे डुंबतात. हे ठिकाण असे की जे पाहण्यासाठी नाही, वापरण्यासाठी आहे. म्हणून ते आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते.

रेड डॉटच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. जेथे माणसे आगीसमोर भाजली, तेथे आता नळ, खुर्च्या आणि दिवे टांगलेले आहेत. घाम पुसला गेला आणि लोखंड तेवढे सुंदर म्हणून उरले. सिलिकोसिसने, म्हणजे फुफ्फुसात दगडाची धूळ साठून, जी माणसे खोकत खोकत गेली ती या चकाचक दालनांत कशी दिसणार? अर्थात, एक व्यवस्था येथे चांगली आहे. परिसर दाखवायला जे वाटाडे मिळतात, त्यांत खाणीत काम केलेले जुने कामगारही असत आले आहेत. त्यांच्या तोंडून खाण ऐकणे आणि भिंतीवरचा फलक वाचणे यांत फार अंतर आहे.

हे कामगार कोण होते, हा खरा प्रश्न. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रशियाच्या पूर्व भागातून लाखो पोलिश भाषिक लोक रूरमध्ये आले. जर्मन येत नसेल तर जबाबदारीचे काम मिळणार नाही, असा नियम १८९९ साली निघाला आणि त्याच वर्षी शेजारच्या हेर्न गावी पोलिश खाणकामगारांचा संप पेटला. तो चिरडण्यासाठी सैन्य आणले गेले. पुढे ३० ऑक्टोबर १९६१ रोजी जर्मनीने तुर्कस्तानशी मजूरभरतीचा करार केला. आलेल्यांना नाव दिले ‘पाहुणे कामगार’. पाहुणा म्हणजे ज्याने काम झाले की परत जावे असा माणूस! १९८५ साली ग्युंटर वालराफ या पत्रकाराने तुर्की मजुराचे सोंग घेऊन रूरच्या कारखान्यांत राबून ‘गान्झ उन्टेन’, म्हणजे ‘अगदी तळाशी’, हे पुस्तक लिहिले, तेव्हा जर्मन समाज खडबडून जागा झाला. तुर्की मजूर हेच वीस वर्षे सांगत होता, त्याचे मात्र कोणी ऐकले नव्हते.

आता शहराच्या दक्षिणेला जाऊ. तेथे बालडेनाय तलावाच्या वर क्रुप घराण्याची हवेली आहे, व्हिला ह्यूगल. १८७० ते १८७३ या काळात बांधलेली, २६९ खोल्यांची. बांधणारा आल्फ्रेड क्रुप तोफांचा कारखानदार. त्याने कामगारांना घरे दिली, दवाखाना दिला, आणि राजकारणापासून दूर राहा अशी ताकीदही दिली. घराण्यातल्या मार्गारेटे क्रुप यांनी १९०६ साली देणगी देऊन वसवलेली मार्गारेटेनह्योह ही वसाहत आजही पाहण्यासारखी आहे. वळणदार रस्ते, अंगणे, बाजाराचा चौक. घर चांगले असणे आणि माणूस मोकळा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मनात ठेवून ती पाहावी.

दुसऱ्या महायुद्धात याच कंपनीने युद्धकैदी, पकडून आणलेले परदेशी मजूर आणि छळछावणीतल्या ज्यू स्त्रिया यांना एसेनमध्ये राबवले. या गुन्ह्यासाठी न्यूरेंबर्ग येथे १९४८ साली आल्फ्रीड क्रुपला १२ वर्षांची शिक्षा झाली. १९५१ साली तो सुटला आणि मालमत्ताही परत मिळाली. त्यानंतर काही वर्षांतच राउरकेलाच्या पोलाद कारखान्याच्या उभारणीत क्रुप आणि डेमाग या जर्मन कंपन्या उतरल्या. त्या कारखान्यासाठी ओडिशातल्या आदिवासींची गावे उठली. एसेन आपल्यापासून वाटते तितके दूर नाही, ते असे.

याच आल्फ्रीडच्या नावाचे प्रतिष्ठान आज फोल्कवांग या नामांकित कला संग्रहालयाचे मोठे आश्रयदाते आहे. २०१० साली उघडलेल्या नव्या इमारतीचा खर्च त्यानेच उचलला. त्याच्याच पैशातून २०१५ साली कायमच्या संग्रहासाठीचे तिकीट रद्द झाले. १९३७ साली नाझींनी ‘अधःपतित कला’ म्हणून या संग्रहालयातल्या १४०० हून अधिक कलाकृती जप्त केल्या होत्या. गरिबाच्या पोराला व्हॅन गॉगचे चित्र फुकट पाहता येते, हे चांगलेच आहे. पण ते कोणाच्या नावाने, हे विचारायचे नाही असे नाही.

शहराच्या मधोमध जुने सिनेगॉग आहे. एडमुंड क्योर्नर यांनी उभारलेली ही भव्य वास्तू १९१३ साली पूर्ण झाली. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री ती जाळण्यात आली. आतले सारे भस्म झाले, पण दगडी भिंती हलल्या नाहीत. युद्धानंतर तिचे काय व्हावे? १९६१ साली तेथे औद्योगिक वस्तूंचे प्रदर्शन थाटले गेले! ज्या समाजाची प्रार्थना तेथे जळाली, त्याच्या आठवणीच्या जागी कारखान्यांचा नवा माल. पुढे त्या प्रदर्शनालाच आग लागली आणि १९८० साली ती वास्तू स्मारक झाली. २०१० पासून ती ज्यू संस्कृतीचे घर आहे. बेचाळीस वर्षे लागली आठवण मान्य करायला. आठवण आपोआप टिकत नाही, तिच्यासाठी कोणीतरी भांडावे लागते.

पर्यटकांच्या नकाशात सहसा न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे ए-४० हा महामार्ग. तो एसेनला आडवा छेदतो. दक्षिणेला सुखवस्तू वस्ती, उत्तरेला खाणकामगारांच्या मुलानातवंडांची, स्थलांतरितांची, बेकारीने गांजलेली वस्ती. व्हिला ह्यूगल दक्षिणेला, त्सोलफेराइन उत्तरेला. या रस्त्याला तेथले लोक शहराचे सामाजिक विषुववृत्त म्हणतात. आपण गावकूस म्हणतो. रूर खोरे युरोपची सांस्कृतिक राजधानी असताना १८ जुलै २०१० रोजी हाच महामार्ग सुमारे ६० किलोमीटर बंद ठेवून त्यावर २० हजार टेबले मांडली गेली. तीस लाखांच्या आसपास लोक आले. एवढे मोठे सहभोजन क्वचितच झाले असेल! नंतर टेबले उचलली गेली आणि गाड्या पुन्हा धावू लागल्या.

रूरची शेवटची खाण, बोट्रोपची प्रोस्पर-हानिएल, २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली. शेवटचा दगडी कोळशाचा तुकडा राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिला गेला. पण खाण बंद झाली म्हणून काम थांबले नाही. दीडशे वर्षे पोखरल्यामुळे या भागातली जमीन ठिकठिकाणी कित्येक मीटर खचली आहे. पंप थांबले तर वस्त्यांत पाणी साचेल आणि खाणीतले खारे पाणी पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचेल. म्हणून पंप चालूच ठेवावे लागतात. या खर्चाला जर्मन भाषेत ‘अनंतकाळचे ओझे’ असा शब्द आहे. २०१९ पासून तो एक प्रतिष्ठान उचलते, आणि त्याचे कार्यालय त्सोलफेराइनच्याच आवारात आहे. एसेनच्या मुख्य स्थानकावरून १०७ क्रमांकाची ट्राम थेट तेथे जाते.