शेळ्यांची वही

मुलांनो, शेळीला ‘गरिबाची गाय’ म्हणतात. उस्मानाबादी शेळी गाभण राहिल्यावर पाच महिन्यांनी विते व पुष्कळदा जुळी करडे देते. तरीही लस चुकली, हिशेब राहिला, की औषधासाठी कर्ज होते आणि चांगली पाठसुद्धा पडत्या भावात विकावी लागते. अशा वेळी जाणत्याचा सल्ला कामी येतो. गावची प्रशिक्षित पशुसखी पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घ्यायला सांगते, जमाखर्चाची वही लिहायला शिकवते. बोकड बकरी ईदच्या बाजारापर्यंत सांभाळून वजनावर विकला, तर सहसा चांगला दाम येतो. त्यातून आधी पुढच्या खुराकाचे व औषधाचे पैसे बाजूला काढावेत. उरेल तो नफा. चांगल्या पाठी मात्र कळपातच ठेवाव्यात. तुमच्या घरी शेळ्या आहेत ना? मग ती वही आजपासून तुम्हीच लिहा.